तिचा फोन, माझा फोन

रविवारची दुपार होती. जोहरची नमाज झाली आणि मी आठवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले. उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी तपासायची म्हणजे एका हाताने लाल पेन धरायचं आणि दुसऱ्याने हसू दाबायचं. एकाने लिहिलं होतं, ‘काल जोराची पाऊस आली.’ बिचाऱ्याच्या घरी बारिश आती है, मग पाऊस तरी येईल कसा? तिथे ‘आला’ करून मी पान उलटलं आणि फोनवर संदेश आला.

संदेश आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचा होता. आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. ‘बेटा, माझा सहा आकड्यांचा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेला आहे, जरा पाठवतेस का?’ खरंच, त्याच मिनिटाला कोडचा एसएमएस आलेला होता. त्यात कोड कुणालाही सांगू नका असंही लिहिलेलं होतं. पण आपा म्हणजे ‘कुणीही’ नव्हेत. बीएड करून पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा त्यांनीच मला वर्गावर नेऊन सोडलं होतं. मी सहा आकडे टाईप केले, पाठवले आणि पुन्हा पावसाकडे वळले.

पाच मिनिटांत माझं व्हॉट्सॲप बंद पडलं. हा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे, असं काहीतरी लिहून आलं. मला वाटलं, नेट गेलं असेल. श्रीरामपुरात ते अधूनमधून जातंच.

मग फोन सुरू झाले. पहिला बेलापूरच्या मावसबहिणीचा. ‘इतकी काय तंगी आली गं? दवाखान्यात कोण आहे?’ दुसरा शेजारच्या भाभींचा. तिसरा माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा. ते रिक्षा चालवतात. म्हणाले, ‘मॅडम, चार हजार टाकले, पोहोचले का? बाकीचे संध्याकाळपर्यंत बघतो.’ मी खाली बसले. आपांचा नंबर त्या भामट्याच्या हातात माझ्या आधी गेला होता, आपांच्या नावाने त्याने माझा मिळवला होता, आणि आता माझ्या नावाने तो माझ्या माणसांकडे पैसे मागत होता.

हॅकर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, उरलेले हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. तेव्हा स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विषय होता. अंधाऱ्या खोलीत बसलेला, अंगात काळी टोपडी, समोर हिरवी अक्षरं, अशी कुणीतरी अफाट हुशार माणसं ही कुलपं तोडतात, असं मी धरून चालले होते. माझ्याकडे कुणी काही तोडलं नाही. त्याने दार वाजवलं, आपांच्या आवाजात हाक मारली, आणि मी आतून कडी काढली.

मुलांच्या अब्बूंना दुकानावर फोन केला. ते पैशाबद्दल ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. म्हणाले, ‘स्टेटस बघ. आधी स्टेटस बघ.’

स्टेटस? माझ्या फोनवर तर काहीच दिसत नव्हतं. मी दुपट्टा डोक्यावर घेऊन शेजारी धावले आणि भाभींच्या फोनवर माझं स्टेटस उघडलं. आदल्या रात्री टाकलेला शाळेतल्या वृक्षारोपणाचा फोटो होता, दुसरं काही नाही. दर दहा मिनिटांनी मी तो फोटो पुन्हा उघडत होते. कडुनिंबाचं रोपटं, आळ्यात ओतलेलं पाणी, मुलांचे मळलेले बूट. दुसऱ्याच्या फोनवर स्वतःचंच नाव उघडून आपण काय बोललो आहोत हे बघण्याची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं.

अब्बूंना नेमकी कशाची भीती होती ते या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण लिहून ठेवते. २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव झाला आणि हडपसरला, नमाज पढून घरी परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. तो सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरीला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री साताऱ्याच्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दंगल झाली, एक तरुण गेला. कुणी काय लिहिलं, खरंच त्यानेच लिहिलं की त्याच्या नावाने दुसऱ्याने, हे पोलीस शोधतात. शोधायला दिवस लागतात. जमावाला तासही लागत नाही. पैसे मागणारा चोर निदान चोर म्हणून ओळखता येतो. माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली त्याने एखादी ओळ टाकली असती तर ‘ती मी लिहिलेली नाही’ हे मी कुणाकुणाला, कुठे उभं राहून सांगितलं असतं?

मी अल्लाहचे आभार मानले की तो फक्त चोर होता. केवढा विचित्र शुकराना!

मोठी मुलगी क्लासवरून आली ती असरच्या सुमारास. बारावी सायन्सला आहे. दप्तर न उतरवताच माझा फोन हातात घेतला. ‘अम्मी, कोड किसको दिए तुम?’ मी सांगितलं. ती रागावली नाही. आपण मुलांना रागावतो तशी तर मुळीच नाही. आधी तिने अब्बूंच्या फोनवरून सगळ्या नातेवाइकांना आणि शाळेतल्या बाईंना कळवलं की अम्मीचा नंबर चोरीला गेला आहे, पैसे पाठवू नका. मग १९३० ला फोन लावून दिला. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर आधी याच नंबरावर सांगायचं असतं. जितक्या लवकर सांगाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त. रिक्षावाल्या भाऊंनाही त्यांच्या फोनवरून तक्रार करायला लावली. मग माझं व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं. त्या माणसाने इतक्यांदा कोड मागवून ठेवले होते की नवा कोड यायला तासभर थांबावं लागलं.

मगरिबच्या थोडं आधी कोड आला, टाकला, तर पुढे आणखी एक पिन मागितला. तो पिन मी कधी लावलेलाच नव्हता. त्याने लावला होता. मी रडकुंडीला आले, पण मुलीने समजावलं की आपण एसएमएसचा कोड टाकला त्याच क्षणी तो बाहेर पडला; फक्त त्याचा पिन आपल्याला माहीत नसल्याने आपल्याला सात दिवस दाराबाहेर थांबावं लागेल. हा पिन आपण आधीच लावून ठेवला असता तर नुसत्या कोडने त्याचं काम झालं नसतं. सेटिंग्जमध्ये ‘दोन टप्प्यांची पडताळणी’ म्हणून असतं ते हेच. दोन मिनिटांचं काम. पहिल्या दिवसापासून ते तिथेच होतं.

‘आणि माझे जुने मेसेज?’ मी विचारलं. ‘सगळं वाचलं असेल त्याने?’

‘नाही. जुने मेसेज तुझ्या फोनमध्ये असतात. नुसता नंबर घेऊन ते मिळत नाहीत. त्याला नवे आले तेवढेच आणि ग्रुप दिसले असतील.’ मग ती म्हणाली, ‘जुनं सगळं वाचायचं असेल तर फोन हातात घेऊन दुसरं मशीन जोडावं लागतं. सात दिवसांनी तुझं उघडलं की आधी ते बघायचं. थांब, कुठे असतं ते दाखवते.’

आणि तिने दाखवायला स्वतःचा फोन काढला.

तिचं बोट वरच्या तीन ठिपक्यांवर गेलं तेव्हाच मला पुढचं दिसलं. मी ‘राहू दे, नमाजची वेळ झाली’ म्हणाले. ती म्हणाली, ‘दो मिनट, अम्मी.’ लिंक्ड डिव्हाइसेस. यादीत एकच नाव होतं. गुगल क्रोम, विंडोज. खाली लिहिलेलं, शेवटचा वापर आज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी.

तिने फोनकडे पाहिलं. मग कपाटावरच्या जुन्या लॅपटॉपकडे पाहिलं, ज्यावर मी शाळेचे निकाल करते. मग माझ्याकडे. फजरनंतर सगळे पुन्हा झोपतात आणि मी एकटी जागी असते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

‘ये अपना लॅपटॉप है ना?’ तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. मशिदीत अजान सुरू झाली, म्हणून बोलायची सुटका झाली.

आता हे का केलं ते सांगते. २०२२ च्या १ जानेवारीला, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो एका ॲपवर ‘लिलावा’साठी मांडलेले सापडले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये असंच एक ॲप निघालं होतं. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. ती नावं म्हणजेच शिवी होती. पत्रकार, कार्यकर्त्या, शिकलेल्या, बोलणाऱ्या बायका त्यात होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आठवड्याभरात अटका केल्या, आणि पकडलेल्यांत एक २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि एक १८ वर्षांची मुलगी निघाली. अठरा! मी ज्यांना शिकवते त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. त्या रात्री मी माझ्या व्हॉट्सॲपवरचा स्वतःचा फोटो काढून गुलाबाचं फूल लावलं. आमच्या वस्तीतल्या किती तरी बायकांच्या फोटोच्या जागी त्या आठवड्यात फुलं आली.

मुलगी तेव्हा लहान होती. दहावीनंतर तिला फोन घेऊन दिला तेव्हा ती भीती तशीच माझ्या पोटात होती. अट घातली की लॉकचा आकडा मला माहीत पाहिजे. तिने दिला. पण मुलगी घरी नसताना फोनही घरी नसतो, आणि ती घरी असताना तिच्या समोर तो तपासायची मला लाज वाटायची. गेल्या जुलैत ती अंघोळीला गेली असताना मी लॅपटॉप उघडला, तिच्या फोनने तो चौकोनी कोड स्कॅन केला, आणि फोनवर आलेली सूचना पुसून टाकली. एका यूट्यूबवाल्याकडून शिकले होते. तो ‘जबाबदार पालक’ असं काहीतरी म्हणत होता. मला ते शब्द फार आवडले होते.

त्या दिवसापासून रोज फजरनंतर पंधरा-वीस मिनिटं. काय सापडलं? केमिस्ट्रीच्या नोट्स. ‘सर आले का’, ‘नाही आले’. बिर्याणीचे फोटो. माझ्याबद्दलची एक तक्रार, जी खरी होती. एकही मुलगा नाही, असता तरी काय, पण नाही. आणि तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीने रात्री अकराला लिहिलेलं एक लांब, चुकांनी भरलेलं दुःख. तिच्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडत होतं. मुलाकडच्यांनी ऐन वेळी वाढवून मागितलं होतं. घरात अब्बू कुणाशी बोलत नाहीत, अम्मी रात्रभर जागी असते. शेवटी लिहिलं होतं, कुणाला सांगू नकोस, अजून बोलणी चालू आहेत, बाहेर कळलं तर सगळं संपेल.

माझ्या मुलीने कुणाला सांगितलं नाही. मला सुद्धा नाही.

मी सांगितलं. नणंदेच्या घरच्या वलीम्याला आम्ही बायका बसलो होतो, हुंड्यावर बोलणं निघालं, आणि मी आवाज खाली करून म्हणाले, ‘आपल्याच गल्लीत बघा ना...’ वाईट हेतू नव्हता. हळहळच होती. गीबत करणाऱ्या प्रत्येक बाईला ती हळहळच वाटते. आठ दिवसांत ते मुलाच्या घरी पोहोचलं, थोडं वाढून. लग्न मोडलं. ते नाहीतरी मोडणारच होतं असं मी स्वतःला खूपदा सांगितलं आहे. मला माहीत नाही.

मैत्रीण आमच्या घरी आली होती. दारातच उभी राहून माझ्या मुलीला म्हणाली, ‘फक्त तुला सांगितलं होतं.’ मुलीने शपथा घेतल्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, सगळं ऐकत होते. ती गेल्यावर माझी मुलगी ओट्याशी येऊन रडली. आणि मी पिठाचा हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, ‘जाऊ दे बेटा, अशा मैत्रिणी काय कामाच्या.’ हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

रविवारच्या मगरिबनंतर ती तिच्या खोलीत गेली ती जेवायलाही आली नाही. रात्री मी दारापाशी गेले. आतून तिने फक्त एकच विचारलं, ‘वो बात तुम बोले थे ना?’ मी हो म्हणाले. दार उघडलं नाही, मीही ढकललं नाही.

घरातल्या मोठ्यांना हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आईपासून कसलं लपवायचं? घरात कसली आली खासगी गोष्ट?’ त्या चुकीचं बोलत होत्या असं मला म्हणता येत नाही. आपण सगळ्याच तसं वाढलो आहोत. ‘घर की बात घर में’ हे आपल्याला नीट कळतं. चार भिंतींना आपण खासगीपणा देतो, भिंतींच्या आतल्या माणसाला नाही. पत्र आलं की ज्याच्या हाती पडेल तो फोडायचा. माझ्या लग्नाआधी माझ्या मैत्रिणीची पत्रं माझ्या भावाने वाचून मग मला दिली आहेत, आणि मला त्यात काही गैरही वाटलं नव्हतं. मी मराठी शिकवते, उर्दूही शिकवते. ‘खासगीपणा’ या शब्दासाठी वर्गात उर्दू प्रतिशब्द सांगायचा तर ‘राजदारी’ म्हणावं की ‘परदा’, इथे अडते. राजदारीत काहीतरी लपवल्याचा वास येतो, आणि परदा आपण कपड्यापुरता ठेवला आहे.

पण दीन घेतला तर तो एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्याच्या घरात जाण्याआधी परवानगी घ्या, सलाम करा, हे सूरह नूरमध्ये आहे, आणि ते मी मुलांना लहानपणापासून शिकवलं. त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्या घरात कोणत्या तीन वेळांना विचारून आत यायचं तेही सांगितलं आहे. फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला, इशानंतर. म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्यांनाही एकमेकांचं दार आहे. ते दार मी मुलांना माझ्या बाजूने शिकवलं. त्यांच्या बाजूनेही ते असू शकतं हे माझ्या मनात आलं नाही. आणि सूरह हुजुरातची बारावी आयत, जी मी दर्समध्ये बायकांना समजावून सांगितली आहे, तिच्यातला क्रम मला त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आला. आधी गुमानापासून, संशयापासून दूर राहायला सांगितलं आहे. मग टोह घेऊ नका. मग गीबत करू नका. जुलैपासून मी याच तीन पायऱ्या, याच क्रमाने उतरले होते, आणि तिन्ही वेळा मला वाटत होतं की मी मुलीला सांभाळते आहे.

कायद्याचंही बघा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आई-वडिलांची संमती घ्यावी लागेल असं आहे. म्हणजे मुलांच्या माहितीची किल्ली कायद्याने आपल्या हातात दिली. कंपन्यांनी येऊन आपल्याला विचारायचं. आपण कुणाला विचारायचं, यावर कायदा काही बोलत नाही. तो बोलावा असंही मला वाटत नाही; सगळंच सरकारने कशाला सांगायचं?

कुणी म्हणेल, मग पोरांना मोकळं सोडायचं का? नाही. लहान मुलाच्या हातात फोन असेल तर आईने बघितलंच पाहिजे, आणि त्याला सांगून बघितलं पाहिजे. मुलगी सोळा-सतराची झाली, संकटात आहे असं दिसत असेल, तर समोर बसून ‘दाखव’ म्हणायची हिंमत आईत हवी. माझ्यात ती नव्हती, म्हणून मी चोरवाट शोधली. आणि ज्या भीतीपोटी हे केलं, तिच्यावर त्याचा उपाय तरी होता का? २०२२ च्या त्या प्रकरणात कुणाचं खातं फोडलं गेलं नव्हतं. फोटो उघड्यावर होते, तिथून उचलले. त्यासाठी मुलीजवळ बसून तिचा फोटो कोण बघू शकतं ही सेटिंग बदलायची होती, म्हणजे तिच्याबरोबर दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी तिला दिली नाहीत आणि तिच्या नकळत महिने घेतले. वर त्या एका मशीनमुळे तिच्या फोनला एक जादाचं दार पडलं होतं. लॅपटॉपला पासवर्डही धड नव्हता. जो होता तो म्हणजे जिल्ह्याचं नाव आणि माझं जन्मवर्ष. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण माझा पासवर्ड जुन्याच नावाने चालू होता! शाळेतल्या निम्म्या बायकांचा तोच निघाला. हसू नका, तुमचाही बघा.

शाळेत सोमवारी गेले तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझ्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मीच लिहिलेलं होतं, ‘आधार कार्ड आणि पासबुकाचा स्पष्ट फोटो आजच पाठवावा.’ साठ मुलामुलींची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, बँकेची खाती, सगळं एका ग्रुपवर, सगळ्या पालकांना दिसेल असं. रविवारी दुपारी तो माणूस माझ्या नावाने त्या ग्रुपमध्ये बसलेला होता तेव्हा एका आईने मुलीचं आधार पाठवलंही होतं. ते त्याच्याकडे गेलं. मी त्या बाईंना घरी जाऊन सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही, त्या मलाच म्हणाल्या, ‘मॅडम, चहा घ्या.’ आता मी कागदं हातात घेते, झेरॉक्सवर ‘फक्त शाळेच्या कामासाठी’ असं लिहून सही घेते, आणि ज्यांना जमतं त्यांना शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून आणायला सांगते. आधारच्या संकेतस्थळावर ते मिळतं. काही सहकारी म्हणतात, किती वेळ घालवता. घालवते.

रिक्षावाल्या भाऊंचे चार हजार मी दिले. ते घेत नव्हते. ‘तुम्ही थोडेच घेतले, मॅडम?’ म्हणत होते. माझं नाव बघून त्यांनी न विचारता पाठवले होते, एवढं त्यांना सांगितलं आणि नोटा त्यांच्या सीटवर ठेवल्या. आपांचं खातं दहा दिवसांनी परत आलं. त्या अजून सगळ्यांची माफी मागत फिरतात, त्यांना कोड कुणी मागितला होता ते मात्र त्यांना आठवत नाही.

सात दिवसांनी माझं व्हॉट्सॲप उघडलं. मुलीने पिन लावून दिला, मला तो बघू दिला, स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. तिने तिच्या फोनचा आकडाही बदलला आहे. मला सांगितलेला नाही. मी विचारलेला नाही.

त्या मैत्रिणीच्या घरी मी एकटी गेले, जुम्म्याच्या दुपारी. मुलगी यायला तयार नव्हती, आणि तिचं तिथे कामही नव्हतं. गुन्हा माझा होता. दार त्या मैत्रिणीनेच उघडलं. मी तिच्या आईसमोर सगळं सांगितलं, फोन, लॅपटॉप, वलीमा, सगळं. तिच्या आईने बराच वेळ जमिनीकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘बाजी, आम्ही तुमच्या पोरीला काय काय बोललो.’ मोठी बहीण आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली होती. मी आले तेव्हा यंत्र चालू होतं, मग थांबलं, आणि मी उठेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही. तिची माफी मागायला मला आत जायचं होतं. मी विचारलं, येऊ का. आतून उत्तर आलं नाही, म्हणून मी बाहेरच्या बाहेर सलाम करून परत आले. पुढच्या जुम्म्याला पुन्हा जाणार आहे.